दोन घरांचा एक पगार
कॅनडातील फिलिपिनो कुटुंबांच्या खर्चाचा नेहमीचा हिशेब घरभाडे, किराणा आणि पाळणाघर यांपाशीच थांबतो. मायदेशी दरमहा जाणारी रक्कम त्यात धरलेलीच नाही, आणि माझ्या मते खरी ओढाताण तिथेच होते. परदेशस्थ फिलिपिनो पाठवतात तो पैसा फिलिपिन्सच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ टक्के भरतो, म्हणजे ही हौस नव्हे, बांधलेला खर्च आहे.

१९९२ ते २०१४ या काळात कॅनडात घरकाम व शुश्रूषेसाठी आलेल्या अनेक स्त्रियांना कायम वास्तव्याचा अर्ज करण्याआधी मालकाच्या घरी राहून दोन वर्षे काम पूर्ण करावे लागे. तोवर मुले मायदेशीच, त्यामुळे एका पगारावर दोन चुली.

शिवाय दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ‘बालिकबायान’चे, म्हणजे घरच्यांसाठी वस्तू भरून मायदेशी धाडायचे, खोके असतेच. सवलतीत मिळालेले साबण, टूथपेस्ट, डबाबंद गोमांस, टॉवेल त्यात महिनोन्‌महिने साठत जातात. जहाजाचे भाडे बहुधा वजनावर नसून खोक्यावर असल्याने मोज्यांच्या घडीतसुद्धा चॉकलेटे खोचली जातात. (ही कला पाहण्यासारखी असते!) कॅनडातल्याच विनिपेग शहरात घरे टोरांटोपेक्षा स्वस्त आहेत हे खरे, पण तिथल्या हिवाळ्याचे कपडे आणि घर उबदार ठेवण्याचा खर्चही त्याच पगारातून निघतो.