1921 चं सेंटर कॉलेज: हार्वर्डला हरवलं ते नशीब होतं का टीमच तशी होती?

सातरस्ता_लेफ्टविंग
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका लहान कॉलेजच्या फुटबॉल टीमचं मी बघतो, म्हणजे नेमलेला कोच नाही, जुना खेळाडू म्हणून सकाळी पोरांना घेऊन मैदानावर असतो. पुढच्या महिन्यात इंटर कॉलेज आहे आणि पहिल्याच राऊंडला मोठं कॉलेज आलंय, ड्रॉ लागल्यापासून पोरं गपगार. एक जण तर म्हणाला, "सर, कमी गोलनी हरलो तरी चालेल ना?" ते मला फार लागलं. त्यांना सांगायला जुनं काहीतरी शोधत होतो तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॅनव्हिल नावाच्या गावातलं सेंटर कॉलेज सापडलं, विद्यार्थी तीनशेच्या आत, आणि 29 ऑक्टोबर 1921 ला त्यांनी हार्वर्डला हार्वर्डच्याच मैदानावर 6-0 हरवलं. पण 6-0 म्हणजे एकतर्फीच झाली ना मॅच? आणि हे नुसतं एका दिवसाचं नशीब होतं का? तसं असेल तर मी पोरांना नाही सांगणार, खोटी आशा लावायची नाहीये.

विजापूरवेस
दादा, ते आपलं फुटबॉल नाही, अमेरिकन फुटबॉल आहे, हातात बॉल घेऊन पळायचं. सहा गोल नाही झाले, एकच टचडाऊन झाला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या लाइनपलीकडे जाणं. 1912 पासून टचडाऊनला 6 पॉइंट होते, त्यानंतर किक मारून एक जादा मिळतो तो सेंटरचा हुकला, म्हणून 6. म्हणजे पूर्ण मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून एकदाच कुणीतरी लाइनपलीकडे गेलं, इतकी टाइट मॅच. तो टचडाऊन तिसऱ्या क्वार्टरमध्ये सेंटरच्या बो मॅकमिलिनने केला, 32 यार्ड पळाला. आपली क्रिकेटची पिच 22 यार्डाची, म्हणजे जवळजवळ दीड पिच, आणि तेवढ्यात आडवे येणारे सगळे हार्वर्डचे दांडगे गडी. उरलेला वेळ नुसता डिफेन्स.

जुनी_मिल_चाळ
नशीब अजिबात नाही. नशीब म्हणणाऱ्यांनी तो पूर्ण सीझन बघावा. हार्वर्डच्या आधी क्लेमसन 14-0, व्हर्जिनिया पॉलिटेक्निक 14-0, सेंट झेवियर 28-6, ट्रान्सिल्व्हेनिया 98-0. नंतर केंटकी 55-0, ऑबर्न 21-0, वॉशिंग्टन अँड ली 25-0, टुलेन 21-0. बेरीज करा, 282 पॉइंट केले आणि दिले किती तर 6. टुलेनपर्यंतच्या नऊ मॅचमध्ये एकाच टीमने त्यांच्यावर स्कोअर केला ओ!

आणि आदल्या वर्षीचं तर पोरांना नक्कीच सांगा. 1920 ला हीच पोरं हार्वर्डमध्ये खेळायला गेली होती, हाफटाइमला 14-14 बरोबरीत होती, दुसऱ्या हाफमध्ये दमली आणि 31-14 हरली. पुढच्या वर्षी परत तिथंच गेली. हार्वर्ड तोवर 25 मॅच हरलं नव्हतं, पण आदल्याच आठवड्यात पेन स्टेटने त्यांना 21-21 बरोबरीत रोखलं होतं, म्हणजे हलवता येतं हे दिसलं होतं. मला विचाराल तर 1921 ची मॅच 1920 च्या हाफटाइमलाच अर्धी जिंकली होती, कारण आपण यांच्या बरोबरीने खेळू शकतो हे तिथं कळलं.

होममैदान_77
कौतुक मलाही आहे, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती पोरं डॅनव्हिलची नव्हती सगळी. सेंटरचाच माजी विद्यार्थी रॉबर्ट मायर्स टेक्सासात फोर्ट वर्थच्या एका हायस्कूलला कोच होता, तिथली चांगली पोरं त्याने सेंटरला आणली. मॅकमिलिन आणि रेड वीव्हर त्यातलेच. त्यांचं शिक्षण कॉलेजला पुरेसं नव्हतं म्हणून आधी केंटकीतल्याच सॉमरसेट गावात हायस्कूलला बसवलं आणि मग कॉलेजात घेतलं. 1919 ला दोघंही ऑल अमेरिकन टीममध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्या कॉलेजांतून निवडलेल्या उत्तम खेळाडूंच्या यादीत. त्यामुळे खेडेगावातली साधी पोरं अचानक जिंकली असं सांगू नका.

जुनी_मिल_चाळ
@होममैदान_77 बरोबर आहे तुमचं, पण मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. शाळेपासून एकत्र खेळलेली पोरं, कुणाची पळायची सवय काय, कोण कुठे वळणार हे न बघता माहीत. शिवाय तेव्हा अटॅकला आणि डिफेन्सला तेच अकरा जण असायचे, बाहेर गेलेल्याला परत आत आणायला कडक बंधनं. मग हार्वर्डकडे बेंचवर कितीही पोरं असू दे, मैदानात अकराच. लहान कॉलेजला अकरा पक्के मिळाले की झालं. आपल्याकडे सब करता येतात, तरी स्टार्टिंग अकरा तेच ठेवून सराव घ्या दादा, सारखे बदलू नका.

सातरस्ता_लेफ्टविंग
सगळ्यांचे आभार, हे माझ्या कामाचं आहे. आमच्यातली बरीच पोरं अकरावीपासून एकत्रच खेळतायत, तर तिथूनच सुरुवात करतो. हार्वर्डनंतर सीझनचा शेवट कसा झाला? जिंकूनच का?

विजापूरवेस
नाही, शेवटची मॅच हरले, आणि तेही सांगा पोरांना. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सॅन दिएगोत ॲरिझोनाला 38-0 हरवलं, तिथून डॅलसला, आणि 2 जानेवारी 1922 ला टेक्सास ए अँड एमकडून 22-14 ने हरले. मधे जेमतेम आठवडा आणि सगळा प्रवास रेल्वेचा. सेंटरचा कोच चार्ली मोरान हा आधी त्याच टेक्सास ए अँड एमचा कोच होता, म्हणजे त्याला आपल्याच जुन्या कॉलेजने हरवलं. त्या मॅचमध्ये ए अँड एमची इतकी पोरं जखमी झाली की कोचने स्टँडमध्ये वर बसलेल्या किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. त्याने स्टँडखाली जखमी खेळाडूचा ड्रेस चढवला आणि शेवटपर्यंत साइडलाइनला उभा राहिला. उतरायची वेळ आली नाही, पण ए अँड एमचे विद्यार्थी आजही त्याच्यासाठी पूर्ण मॅच उभ्याने बघतात. तुमच्या बेंचवरच्या पोरांना हे आवर्जून सांगा, त्यांना कुणी काही सांगतच नाही.

हार्वर्डची मॅच विसरली गेली नाही मात्र, 1950 मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने अर्ध्या शतकातला फुटबॉलमधला सर्वात धक्कादायक निकाल म्हणून तिचीच निवड केली.

होममैदान_77
मॅच कुठल्या मैदानावर आणि किती वाजता ते इथंच टाका, आम्ही चार-पाच जण येतो.