अकारा घरी करताना: तुमचे अनुभव सांगा

नायजेरियात अकारा, तिथल्या हौसा लोकांत कोसाई, घानात कोसे. सोललेली चवळी वाटून तळलेले हे वडे पश्चिम आफ्रिकेत रस्तोरस्ती न्याहारीला मिळतात. नोकरीधंद्यानिमित्त तिकडे राहिलेले आपल्यात बरेच जण आहेत. नुसती कृती कुठेही सापडते. इथे हवेत हाताखालून गेलेले अनुभव. साल कशी काढता, किती फेसता, कशाशी खाता, सगळं लिहा.

लागोसहून
आमच्याकडे शनिवारची सकाळ म्हणजे अकारा. मी शिकले शेजारच्या योरुबा आजींकडून, त्यांना सगळे मामा, म्हणजे आई, म्हणतात. चवळी आधी दहा-पंधरा मिनिटंच भिजवायची, साल सैल होण्यापुरती. मग दोन्ही तळव्यांत चोळायची, भरपूर पाणी घालायचं आणि वर आलेली सालं पातेलं तिरकं करून ओतून द्यायची. हे पुन्हा पुन्हा. एखाद्या दाण्याला काळा डोळा राहिलेला दिसला की मामा काही न बोलता पातेलं माझ्यापुढे सरकवतात. सोललेली डाळ मग दोनेक तास पाण्यात. वाटताना कांदा, लाल सिमला मिरची आणि इथली ‘आता रोडो’ नावाची गोलसर, झणझणीत मिरची. पाणी जेमतेम, पातं फिरण्यापुरतं.

खरी मेहनत पुढे आहे. वाटण लाकडी चमच्याने, हात भरून येईपर्यंत फेसायचं. रंग फिका पडतो, पीठ फुगून वर येतं. सोडा नाही, बेसन नाही, जी हलकेपणाची करामत आहे ती या हवेची. मीठ अगदी तळायच्या आधी, नाहीतर पीठ सैल पडतं.

पुण्याहून (पूर्वी अबुजा)
इथे किराणा दुकानात सोललेली चवळीची डाळ मिळते, त्यामुळे चोळाचोळी वाचते. चव जवळपास तीच येते, मला तरी फरक जाणवत नाही. वाटते मात्र दगडी वेट ग्राइंडरमध्ये. मिक्सरमध्ये पीठ तापतं. उडीदवड्याची परीक्षा इथेही लागू: थेंब पाण्यात तरंगला की पीठ झालं. अडतं ते मिरचीपाशी. आपली लवंगी तिखटाला कमी पडत नाही, पण आता रोडोला फळासारखा जो वास असतो तो तिच्यात नाही.

तिकडे अकाराबरोबर मक्याची आंबवलेली पातळ खीर घेतात, ओगी किंवा अकामू. मी नाचणीची आंबील करते. आंबट-गार आंबील आणि गरम वडा, घरात सगळ्यांना आवडतं. मुलं लादीपावात भरून खातात. लागोसला आगेगे ब्रेडमध्ये असंच खातात.

अक्राहून
आमच्या कोपऱ्यावर कोसे असतं आणि सोबत हौसा कोको, म्हणजे बाजरीची आंबवलेली पेज, आलं-लवंग-मिरची घातलेली. घरी मी कोसेच्या पिठातही आलं घालतो. इतकंच.

साल्वादोर, ब्राझीलहून
पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर हा वडा इथे आला, तो आकाराझे. कांदोम्ब्ले धर्मात तो इयान्सा देवीचं अन्न आहे. रस्त्यावर पांढऱ्या पोशाखातल्या बायका तो विकतात आणि त्यांचं हे कसब 2005 पासून ब्राझीलच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे. तळण लालभडक पामतेलात, देंदेमध्ये. त्यात एक अख्खा कांदा सोडून ठेवतात, तेल करपू नये म्हणून. मी घरी तेच करते. वडा मधोमध चिरून आत वातापा (पाव, कोळंबी, नारळाचं दूध आणि पामतेलाचं दाट सारण) आणि सुकी कोळंबी.

लंडनहून
आफ्रिकी दुकानात चवळीचं तयार पीठ मिळतं, पण वड्यासाठी घेऊ नका. कितीही फेसलं तरी वडा दडदडीत होतो. वेळ नसेल तर चवळी सोलून फ्रीझरमध्ये ठेवा, तिचा वडा उत्तम होतो.

लागोसहून, पुन्हा
पुण्याच्या ताईंसाठी: पीठ उरलं तर मोईमोई करा. त्यात थोडं कोमट पाणी आणि तेल घालून सैल करायचं, उकडलेल्या अंड्याची फोड टाकायची आणि पानात बांधून वाफवायचं. इथली पानं तिकडे मिळणार नाहीत, केळीचं पान चालेल. फक्त आधी विस्तवावर शेकून घ्या, म्हणजे दुमडताना फाटत नाही.