कळ्या वाळल्या, पण वास वैरणीचा! काय चुकलं?

हिरवीफांदी:
आमच्याकडे कायद्याने परवानगी आहे, म्हणून यंदा पहिल्यांदाच घरी गांजाची दोन झाडं लावली. झाडावर होत्या तेव्हा कळ्यांना लिंबाच्या सालीसारखा वास यायचा. एक झाड कापून पंख्याखाली टांगलं. चार दिवसांत कळ्या कुरकुरीत! बरणीत भरल्या, आज झाकण उघडलं तर वाळक्या वैरणीचा वास. फार वाईट वाटलं. बरणीत मुरवून पहिला वास परत येईल का?

सावलीतला:
तो येणार नाही, आधीच सांगतो. लिमोनीन, मायर्सीन ही हलकी टर्पिनं (वास देणारी द्रव्यं) वाऱ्यात आणि उबेत सगळ्यांत आधी उडतात. शिवाय कापलेली कळी लगेच मरत नाही. ओल असेपर्यंत तिच्यातली विकरं हरितद्रव्य मोडत असतात. ओल झटक्यात गेली की ते काम अर्धवट राहतं आणि हिरवट वास आत अडकतो.

मी अंधाऱ्या खोलीत, १८ ते २० अंशांवर, ५५ ते ६० टक्के आर्द्रतेत फांद्या सुट्या टांगतो. दहा-बारा दिवस लागतात. बारीक काडी वाकवली की कट्कन मोडायला हवी, नुसती वाकली तर थांबायचं. मग काचेची बरणी पाऊण भरायची, आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवायचा. खरी गंमत दुसऱ्या दिवशी: वरून कोरडी वाटणारी कळी पोटातली ओल सोडते आणि ५८ चा आकडा ६६ वर गेलेला दिसतो. पहिला आठवडा रोज दोनदा झाकण उघडून दहा मिनिटं हवा द्यायची. आकडा ५८ ते ६२ मध्ये स्थिरावला की आठवड्यातून एकदा पुरे. चार आठवड्यांआधी मी चव बघतच नाही.

एकदा ७० वर असलेली बरणी मी तीन दिवस उघडलीच नाही. झाकण काढलं तर अमोनियाचा भपकारा, आणि मधल्या एका कळीच्या देठाशी करडी बुरशी. सगळी बरणी फेकली. बुरशी खरवडून कळी वापरू नका, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते.

प्रयोगवही:
एक भर घालतो. तो ओळखीचा उग्र दर्प नुसत्या टर्पिनांचा नसतो. गंधकाची संयुगं अगदी कणभर असतात, पण नाकाला तीच आधी जाणवतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचं प्रमाण क्युरिंगनंतर, म्हणजे कळ्या मुरवल्यानंतर, सर्वाधिक आढळलं आणि साठवणीत आठवड्याभरातच घसरलं. उन्हात राहिलेल्या बिअरला जो वास येतो, त्यातलंच एक संयुग इथेही आहे. बरणी अंधारातच ठेवा, उजेड आणि हवा लागून टीएचसीचं (नशा आणणाऱ्या द्रव्याचं) हळूहळू सीबीएन, म्हणजे कमी नशेचं द्रव्य, होतं.

हिरवीफांदी:
आत्ता मोजलं, ४७ टक्के. ओलाव्याची पुडी टाकून काही उपयोग?

सावलीतला:
६२ टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाका. कळीचा चुरा होणं थांबेल, धूर घशाला कमी लागेल. वासाची आशा दुसऱ्या झाडावर ठेवा.

हिरवीफांदी:
ते अजून उभं आहे. पंखा आत्ताच भिंतीकडे वळवला.