प्रतिसाद: एलईडी पेटतो, पण व्हॉल्व्ह हलत नाही
मशीनचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आउटपुट कार्डावरचा एलईडी पेटतो, तरी व्हॉल्व्ह हलत नाही, असा प्रश्न होता; एलईडी पेटतोय म्हणजे कार्ड ठीक, वायरिंगच बघा, असं उत्तर वर दिलंय. अर्धंच पटलं. बऱ्याच कार्डांत तो दिवा ऑप्टोकपलरच्या (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा, दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) अलीकडे, लॉजिकच्या म्हणजे हुकूम देणाऱ्या बाजूला असतो. पुढचा, व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर मेला तरी खुशाल पेटतो. मीटरवर २४ व्होल्ट दिसले म्हणून हुरळू नका, लोड (म्हणजे खरा व्हॉल्व्ह) लावून मोजा.

आमच्या रत्नागिरीच्या बर्फ कारखान्यात कार्डाच्या एका चॅनेलला (आउटपुटला) मोकळं असताना २४ व्होल्ट, सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारी चुंबकी कॉइल) जोडला की ३! टर्मिनलखाली हिरवं किटण, खाऱ्या वाऱ्याची कृपा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, नवं सोल्डर, झालं काम. शेजारचं चॅनेल मात्र खरंच शॉर्ट, ट्रान्झिस्टरच गेलेला: डीसी कॉइलवर, ती बंद होताना येणारा उलट्या व्होल्टेजचा झटका जिरवणारा डायोडच नव्हता. १एन४००७ डायोड कॉइलवर उलटा (पट्टी प्लसकडे) लावल्याशिवाय नवा ट्रान्झिस्टर टाकू नका, तोही जाईल.