मॉर्गन व्याख्यानमाला : सलग मालिका की एकच भाषण?

रानवाट
न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात १९६३ पासून लुईस हेन्री मॉर्गन या नातेसंबंधांच्या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन अभ्यासकाच्या नावाने मानववंशशास्त्राची जाहीर व्याख्यानं होतात. पूर्वी एकच अभ्यासक लागोपाठ अनेक व्याख्यानं द्यायचा, मग त्यांचं पुस्तक निघायचं. आता एक जाहीर भाषण आणि त्याला जोडून निमंत्रितांची कार्यशाळा. मला हा बदल पटत नाही. ५० मिनिटांत सावकाश वाचलं तर साडेपाच-सहा हजार शब्द होतात, म्हणजे पुस्तकाचं जेमतेम एक प्रकरण. पहिला वक्ता मेयर फोर्टिस. मॉर्गनच्या नातेसंबंधांच्या मांडणीपासून निघून त्याला घानातल्या अशांती लोकांपर्यंत जायचं होतं. एका भाषणात तो मॉर्गनच्या पुढे सरकलाच नसता.

पाटीपेन्सिल
कागदावर ठीक. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी सभागृह अर्धं होतं, आणि त्या दिवशी नव्याने आलेल्यांसाठी पहिली दहा मिनिटं मागच्याची उजळणी. कार्यशाळेत उलट होतं. हस्तलिखित आधी पाठवलेलं असतं, इतर प्रदेशांत काम केलेले लोक ते वाचून येतात, चूक छपाईआधी सापडते. विधींचा अभ्यासक व्हिक्टर टर्नर तिथे १९६६ ला बोलला, पुस्तक १९६९ ला. विधीत जुनी ओळख सुटलेली आणि नवी अजून न मिळालेली, अशा उंबरठ्यावरच्या अवस्थेत माणसं समान होतात हा त्याचा मुद्दा. इरावती कर्व्यांनी वारीवर लिहिलंय : एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात. हे विचारणारा एक जरी माणूस टेबलाशी असता तर?

रानवाट
कर्व्यांचा तो लेख १९६२ चा आहे, आणि अमेरिकन नियतकालिकातच आला होता. तो वाचायला कार्यशाळा कशाला, ग्रंथालय पुरे. शिवाय रॉचेस्टरची व्याख्यानं मुख्यतः झांबियातल्या न्देम्बू लोकांच्या विधींवर होती. पंढरपूर टर्नरच्या लिखाणात नंतर आलं. उदाहरण चुकलं तुमचं.

पाटीपेन्सिल
पंढरपूरचं मान्य. पण समानतेचा दावा त्याच पुस्तकात आहे आणि तो न्देम्बूंपुरता ठेवलेला नाही. मग परक्या प्रदेशातल्या वाचकाने तो आधी तपासला तर बिघडलं काय?

गोतावळा
दोघंही दिवस मोजताय. श्रोता हरवतो तो नात्यांच्या आकृतीत. त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, दोघांत बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न, डोक्यावरून आडवी रेघ म्हणजे भावंडं. इथवर सगळे येतात. मग वक्ता पडद्यावर तीस माणसं टाकतो आणि नाती कुणाच्या जागेवरून मोजायची ते चिन्ह काळं करायला विसरतो. झालं! भावाचा मुलगा पुरुषाला पुतण्या, बाईला भाचा. बोलणारा कोण हे ठरल्याशिवाय आकृतीला अर्थ नाही. मॉर्गनने सेनेका (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) आणि तमिळ नात्यांत असाच भेद पकडला : पुरुष भावाच्या मुलाला 'मुलगा'च म्हणतो, बाईला तो भाचा. एका पडद्यावर दहा-बारा माणसं, बोलणारा काळा, आणि तीच आकृती छापून खुर्चीवर ठेवा. मग भाषण एक असो की चार.

अजून एक. इंग्रजीत सगळेच 'कझिन', म्हणून तिथे वक्त्याला आधी परिभाषा समजावत बसावं लागतं. मराठीत मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण हे शब्दच वर्गीकरण करतात. मामेबहिणीशी लग्न अनेक जातींत चालतं, मावसबहिणीशी नाही, हे मराठी सभागृहात एका वाक्यात सांगून होतं. तिथे दहा मिनिटं वाचतात.

रानवाट
आकृतीचं मान्य. पण कार्यशाळेचं दार बंदच ना? भाषण ऐकणाऱ्याला शेवटी पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली सात पहिला प्रश्नकर्ताच खातो.

पाटीपेन्सिल
त्यावर उपाय सोपा आहे. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, आणि कार्यशाळेचं पहिलं सत्र खुलं ठेवून तिथे त्यांना उत्तरं द्या. सलग मालिकेचा खर्च मात्र मला अजूनही पटलेला नाही.