मदत हवी आहे: फोंडा तालुक्यातलं जुनं घर, तपासणीच्या दिवशी एजंटचं काम नेमकं काय?

अबोली
गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एक जुनं कौलारू घर घ्यायचा विचार आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मध्ये राजांगण (घराच्या मधोमध उघडा चौक), मागे विहीर. मालक मुंबईला असतात, घर दोन वर्षं बंद आहे आणि किल्ली एजंटकडे आहे. सिव्हिल इंजिनिअरकडून घर तपासून घ्यायचं म्हटल्यावर एजंट म्हणतो, "तुम्ही कशाला त्रास घेता, माझ्या ओळखीचा इंजिनिअर आहे, मी फिरवून आणतो, फीचंही मी बघतो, रिपोर्ट तुम्हाला पाठवतो." टोकन मात्र त्याला तपासणीच्या आधी हवं आहे.
प्रश्न असे: एजंटनं तिथे थांबावं का? इंजिनिअर त्याच्या ओळखीचा चालेल का? आणि त्याच्याकडून नक्की कोणती कामं करून घ्यायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

चिरेकौल
इंजिनिअर तुमचा, फी तुम्ही द्यायची, रिपोर्ट आधी तुमच्या हातात. यात तडजोड करू नका. एजंट वाईट आहे म्हणून नव्हे. त्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळते, आणि रिपोर्टमुळे व्यवहार मोडू शकतो. ज्याचं उत्पन्न व्यवहार होण्यावर अवलंबून आहे त्यानं तपासणाऱ्याला पैसे दिले, की रिपोर्टमधले शब्द मऊ होतात. "वासे बदलावे लागतील" याचं "वाशांकडे लक्ष द्यावे" होतं. फार तर त्याच्याकडून दोन-तीन नावं घ्या, पण निवड तुम्ही करा, फोन तुम्ही करा. आपल्याकडे घर तपासणाऱ्यांसाठी वेगळा सरकारी परवाना नाही, त्यामुळे जुन्या चिऱ्याच्या घरांचं काम केलेला स्ट्रक्चरल किंवा सिव्हिल इंजिनिअरच शोधावा लागतो. आणखी एक: बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो ती तपासणी नव्हे. तो कर्जासाठी किंमत ठरवतो, वाशाला स्क्रू ड्रायव्हर टोचत नाही.

एजंटची खरी कामं तपासणीच्या आधीची आहेत, आणि ती बरीच आहेत. मालकाची लेखी परवानगी आणणं (व्हॉट्सॲपवर चालेल), त्यात माळ्यावर चढायला, सेप्टिक टँकचं झाकण उघडायला आणि फोटो काढायला हरकत नाही हे स्पष्ट हवं. सगळ्या खोल्यांच्या, कोठीच्या, पंपाच्या खोलीच्या किल्ल्या जमवणं. आदल्या दिवशी घर उघडून हवा खेळू देणं, कारण दोन वर्षं बंद घरात वटवाघळं, गांधीलमाश्यांची पोळी, कधी साप असतो. वीज आणि पाणी चालू करून ठेवणं. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे आहे हे मालकाला विचारून ठेवणं आणि झाकण उचलायला दोन माणसं सांगणं.

एक सूचना त्याला आवर्जून द्या: झाडलोट चालेल, पण चुना-रंग नको, भिंतीवरच्या वाळवीच्या मातीच्या नळ्या झाडू नका, डाग पुसू नका. हे डागच इंजिनिअरला वाचायचे असतात. भिंतीचा खालचा मीटरभर भागच तेवढा नव्यानं रंगवलेला दिसला, तर तिथे ओल होती असं धरून चाला.

कायदाकट्टा
कायद्याच्या बाजूनं थोडं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्यानं आपल्याला माहीत असलेले महत्त्वाचे दोष सांगायलाच हवेत, पण कोणते? खरेदीदाराला माहीत नसलेले आणि साधी काळजी घेऊन सापडले नसते असे. ओसरीच्या भिंतीतली उघडी भेग तुम्ही पाहिली नाहीत तर नंतर बोट दाखवता येत नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा.

एजंट तुमचा की मालकाचा हे आधी लेखी विचारा. दोन्हीकडून दलाली घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. तसं असेल तर तुमची वरची मर्यादा, "आम्हाला घर फार आवडलंय", असलं काही त्याच्यासमोर बोलू नका.

माडवन
पण रेरामध्ये (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) पाच वर्षांची दोषांची हमी असते ना? मग एवढी धावपळ कशाला?

कायदाकट्टा
माडवन, इथे ती लागू नाही. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ मधली जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर आहे: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्ती. ती बिल्डरच्या प्रकल्पासाठी आहे. पणजोबांच्या काळचं घर घरमालकाकडून घेताना प्रवर्तकच नसतो. अबोलीताईंच्या व्यवहारात घर जसं आहे तसं गळ्यात पडणार.

नवीन प्रकल्पातला फ्लॅट असता तर एजंटचाही रेरा नोंदणी क्रमांक मागायला सांगितला असता, आणि गोवा रेराच्या संकेतस्थळावर तो तपासायला.

अबोली
सगळ्यांचे आभार. एक अडचण आली. बिल थकल्यामुळे वीज तोडलेली आहे. पंप विजेवर, म्हणजे टाकीत पाणीही नाही. एजंट म्हणतो, "दिसतंय ते बघून घ्या, वायरिंग नंतर करूच." चालेल का?

चिरेकौल
नाही. तारीख पुढे ढकला. पुन्हा जोडणीसाठी अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्यानंच करायचा असतो, थकबाकी त्याचीच. मालकाच्या मागे लागून हे करून घेणं हेच एजंटचं काम. इथे तो आपली दलाली कमावतो.

अगदीच जमत नसेल तर इंजिनिअरसोबत परवानाधारक वायरमन न्या. मेगरनं (वायरचं आवरण तपासायचं यंत्र) बंद वायरिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आवरण किती शाबूत आहे ते, ५०० व्होल्टवर मोजता येतो. जे सर्किट १ मेगाओहमच्या खाली येईल त्याची वायर काढायचीच. पण अर्थिंग, लोड, पंप हे वीज आल्याशिवाय कळत नाही. कुणी जनरेटर आणून सरळ जुन्या बोर्डाला जोडायला निघालं तर थांबवा. मेन स्विच बंद करून बाहेरची लाइन तोडल्याशिवाय तसं केलं तर बाहेरच्या लाइनमध्ये वीज उलटी जाते आणि खांबावरचा लाइनमन मरू शकतो.

वीज आल्यावर मल्टिमीटरनं प्रत्येक थ्री-पिन सॉकेटवर तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ साधारण सारखे, २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची तपासणी करा. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आहे का पाहा. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो म्हणजे फक्त आतली यंत्रणा चालते, अर्थिंग चांगलं आहे असं ठरत नाही.

पाण्यासाठी टँकरनं टाकी भरून घ्या. बंद घराच्या न्हाणीत घाण वास आला तर लगेच घाबरू नका, ट्रॅपमधलं (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) पाणी सुकलेलं असतं. दोन बादल्या ओता. अर्ध्या तासानंतरही वास राहिला तर पाइप फुटलेला किंवा ट्रॅपच नाही. मग दहा वेळा फ्लश करा आणि एक माणूस सेप्टिक टँकच्या उघड्या झाकणापाशी लांबून पाणी येताना पाहू दे. टँकमध्ये कुणीही उतरायचं नाही, आत विषारी वायू असतो.

भिवपाचेंना
चिरेकौल यांच्याशी सहमत. मी छप्पर आणि भिंतींबद्दल लिहितो, कारण इथल्या पावसात (वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास) घर तिथूनच जातं.

माळ्यावर दुपारी बारा-एकला चढा, दिवे बंद ठेवून. जिथे जिथे उन्हाचा ठिपका दिसेल तिथे कौल फुटलेलं किंवा सरकलेलं आहे. हे किरकोळ, कौलं बदलता येतात. खरी गोष्ट वाशांची. वासा भिंतीवर जिथे टेकतो आणि पागोळीबाहेर जिथे निघतो, तिथे लाकूड आधी कुजतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक हातानं दाबा. कडक लाकडात ते जेमतेम ओरखडा काढतं. सहज पाच-सहा मिलिमीटर आत रुतलं आणि काढताना भुगा ओला, तपकिरी आला, तर तो वासा मोजा. असे किती, हा आकडा रिपोर्टमध्ये हवा. "काही वासे खराब" या वाक्यावरून सुताराचा अंदाज निघत नाही. खाली पीठासारखा बारीक भुसा पडलेला असेल तर तो भुंगा. मातीच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या म्हणजे वाळवी. दोन्हींचे उपाय वेगळे. दाराच्या चौकटी जमिनीला टेकतात तिथेही बोटाच्या सांध्यानं ठोकून पाहा, पोकळ आवाज ऐकूनच कळतो.

भिंत: पिनवाला मॉइश्चर मीटर लाकडासाठी बनवलेला असतो, गिलाव्यावर त्याचा आकडा टक्के म्हणून घेऊ नका, तुलना करा. एकाच रेषेत जमिनीपासून १५, ६०, १२० आणि १८० सेंटिमीटरवर घ्या. वर जाताना आकडा उतरत गेला तर ओल जमिनीतून चढतेय. वरच जास्त असेल तर छप्पर गळतंय. पांढरी खार असेल तर मीटर फसतो, क्षारांमुळे आकडा वाढतो. चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर मागाहून सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो विशेष ठोकून पाहा. चिरा ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, मग गिलावा पापडासारखा सुटतो.

भेगा: केसासारख्या, दोनएक मिलिमीटरच्या आतल्या बहुधा गिलाव्याच्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद, पाच मिलिमीटरच्या वर गेलेली भेग असेल तर पाया खचल्याची शंका घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्वतंत्र मत घ्या. याच ठिकाणी एजंट म्हणतो, "जुन्या घराला असतातच भेगा." हे सांगणं त्याचं काम नाही.

राजांगण विसरू नका. पावसाचं सगळं पाणी तिथे पडतं आणि एका मोरीतून घराखालून बाहेर जातं. चार बादल्या पाणी एकदम ओता. बाहेर किती वेळात निघतं ते पाहा. तुंबलं तर आजूबाजूच्या भिंतींच्या ओलीचं कारण तिथेच सापडेल.

अबोली
विहिरीचं काय? सेप्टिक टँक तिच्यापासून जवळच दिसतो.

भिवपाचेंना
टेप लावून मोजा, नजरेनं नको. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर असावा असं भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात आहे. कमी असेल तर पाणी प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी. अंतर कमी आणि पाणीही दूषित, म्हणजे शोषखड्डा हलवावा लागणार, आणि त्यासाठी भाटात (घराभोवतीच्या बागेत) जागा आहे का हे त्याच दिवशी बघा.

विहीर मे अखेरीस तळाला जाते, छप्पर जुलैत गळतं. एका भेटीत दोन्ही दिसत नाही. उरलेल्या ऋतूची कसर करारात भरा: रकमेचा काही भाग पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायला मालक तयार आहे का, हे एजंटला विचारायला लावा.

कायदाकट्टा
टोकनबद्दल राहिलं. तपासणीच्या आधी टोकन देऊ नका. फार आग्रह असेल तर छोटी रक्कम, मालकाच्या खात्यात, एजंटच्या नव्हे, आणि पावतीवर: "अमुक तारखेपर्यंत होणाऱ्या बांधकाम व कागदपत्र तपासणीचा निष्कर्ष खरेदीदारास मान्य नसल्यास ही रक्कम सात दिवसांत पूर्ण परत."

कागद आणणं हेही एजंटचंच काम, पण वाचणं वकिलाचं. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा), सर्व्हे नकाशा, घरपट्टीची पावती (ही मालकीचा पुरावा नाही), सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला. उताऱ्यात कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना नीट पाहा. तिथे मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, ज्याला कायद्यानं हक्क आहेत) नाव असेल तर तपासणीला जायच्या आधी वकिलाला भेटा. आणि गोव्याच्या दिवाणी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते, म्हणून मालकाच्या पत्नीची किंवा पतीची सही लागते. वारस अनेक असतील तर प्रत्येकाच्या जोडीदाराचीही.

अबोली
एजंटला पाठवायला थोडक्यात मजकूर कुणी देईल का? त्याला दुखवायचं नाहीये, गावातलाच माणूस आहे.

चिरेकौल
असं पाठवा:

"नमस्कार. तपासणीसाठी इंजिनिअर मी ठरवला आहे, फी मीच देणार. मीही येणार आहे. तुमच्याकडून ही मदत हवी: मालकांची लेखी परवानगी (माळा, सेप्टिक टँक, फोटो यांसह), सर्व किल्ल्या, वीजजोडणी सुरू, टाकीत पाणी, झाकण उचलायला दोन माणसं, आदल्या दिवशी घर उघडून ठेवणं. कृपया रंग किंवा डागडुजी करू नये. तपासणी चालू असताना इंजिनिअरला काम करू द्यावं, किमतीची बोलणी रिपोर्ट आल्यावर करू. रिपोर्टमधलं मालकांना काय दाखवायचं ते मी सांगेन."

दार उघडून दिल्यावर त्यानं ओसरीवर बसावं. घराबाहेर काढू नका. "हा पाइप कुठे जातो" असं विचारायला तो हाताशी हवा, आणि मालकाला फोन लावायलाही. सगळं पाहायला चार तास धरा, सकाळी दहाला सुरू केलंत तर माळ्यावर बरोबर उन्हाच्या वेळी पोचाल.

रिपोर्ट आल्यावर सुतार, प्लंबर, वायरमन यांचे लेखी अंदाज जोडा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी मागा. "मालक दुरुस्त करून देतील" हे शक्यतो घेऊ नका. मुंबईत बसून केलेली दुरुस्ती वरवरची होते. शिवाय छप्पर बदलायचं तर पंचायतीची परवानगी कुणाच्या नावे काढायची हा प्रश्न येतो. किंमत कमी करून घेतलीत तर वासे तुम्ही तुमच्या सुताराकडून, तुमच्या पसंतीच्या लाकडाचे घालाल.

अबोली
मजकूर आत्ताच पाठवला. एजंटचं उत्तर आलं: मालक थकबाकी भरायला तयार आहेत, जोडणी आली की कळवतो, आणि टोकन तोवर थांबेल. वाशांची मोजणी झाली की आकडे इथे टाकते.

भिवपाचेंना
टाका. सोबत वाशाची लांबी आणि जाडीही लिहा, नुसत्या संख्येवरून लाकडाचा हिशेब लागत नाही.