मदत हवी आहे : क्लासेससमोरचं दारूचं होर्डिंग काढायचंय, अर्ज कुठं द्यायचा?

येडशीचा_माळ : आमच्या गावात क्लासेसच्या लायनीसमोर दारू कंपनीचं भलंमोठं होर्डिंग लागलंय. अकरावी-बारावीची पोरं दिवसातून चारदा त्याच्याखालून जातात. तीन ठिकाणी अर्ज दिले, सगळे 'हे आमच्याकडं येत नाही' म्हणून टोलवायलेत. नेमका कुठं द्यायचा तेवढं सांगा. फाटे फोडू नका.

कलम_२४ : होर्डिंगवर लिहिलंय काय? बाटली दिसते का? जागा कुणाची?

सोयाबीन_भाव : शाळेपासून ७५ मीटरच्या आत असंल तर लगेच निघतं. टेप लावून मोजा.

कलम_२४ : ७५ मीटर दुकानाला आहे, जाहिरातीला नाही. टेप घरी ठेवा.

येडशीचा_माळ : बाटली नाही, 'सोडा' लिहिलंय. पण कशाची जाहिरात ते शेंबड्या पोरालाही कळतं. सोलापूर-धुळे हायवेला लागून आहे.

सोयाबीन_भाव : मग सुप्रीम कोर्ट, १५ डिसेंबर २०१६! हायवेवर जाहिरात बंद.

कलम_२४ : तो आदेश दारू मिळते असं सांगणाऱ्या पाट्यांवर आहे. इथं सोडा आहे, आणि घोळ तिथंच झालाय. तुम्ही 'दारूची जाहिरात' असा अर्ज दिला असणार. उत्पादन शुल्कवाले वर बघतात, सोडा वाचतात, फाइल बंद. दारूबंदी अधिनियमाचं कलम २४ उघड जाहिरातीला लागतं. ही आडून जाहिरात, म्हणजे सोड्याच्या नावाखाली दारूची.

गोदाकाठ : कलम २४ तर १९५१ लाच कोर्टानं उडवलं ना?

कलम_२४ : अख्खं नाही. बलसारा खटल्यात दारूची नुसती तारीफ करण्यावरची बंदी गेली. दारू प्या, दारू घ्या म्हणण्यावरची शाबूत आहे.

आता काम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आडून जाहिरातीला मनाई करतात. पळवाट एक आहे : नाव सारखं असणं एवढ्यावर ती जाहिरात आक्षेपार्ह ठरत नाही. म्हणून लोगो, रंग, मांडणीही दारूशी जुळते हे दाखवा. होर्डिंगचा समोरून फोटो आणि त्याच ब्रँडच्या बाटलीच्या लेबलचा फोटो एकाच पानावर शेजारी-शेजारी छापा. अक्षराचं वळण, पट्ट्याचा रंग, चिन्ह यांना लाल पेनानं गोल करा. शिवाय आसपासच्या पाच-सहा किराणा दुकानांत तो सोडा मागा. कुठंच मिळाला नाही तर दुकानांची नावं नि तारीख लिहून जोडा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम १७. दिल्लीला लिहायची गरज नाही. दंड प्राधिकरण करतं, पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बिंदुसरा : जिल्हाधिकाऱ्यांच्या टपाल शाखेत अर्जाचं लोणचं होतं. होर्डिंगला परवानगी नगरपरिषद देते. तिथं माहिती अधिकार टाका, परवान्याची प्रत मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, १५० शब्दांच्या आत. परवाना संपलेला निघाला तर सोडा का दारू हा वादच उरत नाही, सांगाड्यासकट खाली.

कलम_२४ : त्याला ३० दिवस. वर एजन्सी नूतनीकरण करून तीच जाहिरात परत चढवणार.

बिंदुसरा : तुमच्या लाल गोलांपेक्षा लवकर उतरंल.

आडवी_बाटली : एवढं कामून करता? २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करा, मतदान लावा, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बंदीला मत दिलं की दुकानच बंद.

येडशीचा_माळ : अहो, दुकान नाही. होर्डिंग!!

गोदाकाठ : आस्कीकडं, म्हणजे जाहिरातींच्या तक्रारी घेणाऱ्या संस्थेकडं, ऑनलाइन तक्रार टाका की, फुकट आहे.

कलम_२४ : टाका, पण आस्की म्हणजे जाहिरातवाल्यांनीच उभी केलेली संस्था. दंड करता येत नाही तिला.

बिंदुसरा : माळसाहेब, होर्डिंगच्या खालच्या कोपऱ्यात एजन्सीचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का? जवळून फोटो काढा.

येडशीचा_माळ : आत्ताच जाऊन आलो. एजन्सीचं नाव आहे. 'परवाना क्र.' छापलंय आणि पुढं कोरं.

बिंदुसरा : मग माहिती अधिकाराची वाट बघू नका. हाच फोटो लावून उद्या सकाळी मुख्याधिकाऱ्यांकडं.

कलम_२४ : आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. लाल गोलांसकट.

आडवी_बाटली : सह्यांचा नमुना पाहिजे का?